आइन बिसशन

गेल्या वर्षी पुण्याला जाऊन जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पायरीची परीक्षा दिली. माझं वय ४६, बरोबरची तिघं विशीतली, त्यातल्या एकीच्या तळहातावर पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं आणि ती ते सारखं पुसत होती. तोंडी परीक्षेत एका टेबलाशी बसवतात, समोर एक कागद असतो, त्यावर सात शब्द असतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद. त्या शब्दांना धरून आपली ओळख करून द्यायची, एवढंच. मी रात्रभर बसमध्ये घोकत गेलो होतो त्यामुळे नाव, वय, बेळगाव सगळं धडाधड आलं, आणि भाषेवर आल्यावर म्हणालो, इश श्प्रेशे मराठी, हिंदी, एंग्लिश उंट आइन बिसशन कन्नड. समोरच्या बाई हसून 'गूट' म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. पास व्हायला १०० पैकी ६० लागतात, तेवढे सहज मिळाले, घरी पेढे आले. पण तो एक शब्द काही घशाखाली उतरेना.

बिसशन म्हणजे थोडंसं. मुळातला अर्थ छोटासा घास.

परतीच्या बसमध्ये कागल मागं पडलं, कोगनोळीचा टोलनाका आला आणि तिथून पुढं नेहमीसारख्या पाट्या बदलून कन्नड झाल्या. निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती. गावं पाठ आहेत म्हणून कळत होतं कुठं आलो ते, पाटीवर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. जन्म बेळगावचा, शाळा बेळगावची, नोकरी उद्यमबागेत, आणि शेजारच्या भाषेचा एक घास. एष्टु, बेड, साकु, बर्री, आणि सगळ्यात जास्त वापरलेला गोत्तिल्ल, म्हणजे माहीत नाही. शाळेत कन्नडचा पेपर असायचा, पण तो पास होण्यापुरता पाठ करायचा आणि बाहेर आल्या आल्या विसरायचा, आणि विसरणं हेच बरोबर असं आम्हाला सगळ्यांना मनापासून वाटायचं. कन्नड अक्षरांना आम्ही जिलब्या म्हणायचो. ती अक्षरं वाचायची असतात असं कधी वाटलंच नाही, भिंतीवरची नक्षी असावी तशी ती रोज दिसायची.

हे लिहिताना माझे वडील, आप्पा, डोळ्यासमोर येतात. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगाव तिकडे गेल्याच्या निषेधात दंडाला काळी फीत बांधून फेरीला जाणारे आप्पा, जोपर्यंत पाय चालत होते तोपर्यंत एकही वर्ष चुकवलं नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी आठ वर्षांचा होतो, मला आठवतं ते एवढंच की दार आतून लावलेलं होतं, आई तांदूळ निवडत बसली होती आणि तेच तेच तांदूळ परत परत निवडत होती. आप्पा बाहेर होते. रात्री उशिरा आले तेव्हा त्यांच्या शर्टाला धूर आणि घामाचा वास येत होता. त्या माणसानं आयुष्यभर बसची पाटी वाचली नाही. आजोळी खानापूरला जायचं असलं की सेंट्रल बसस्टँडवर माझा हात घट्ट धरून उभे राहायचे आणि कंडक्टरला विचारायचे, "ओ, ही खानापूरला जाते काय?" कंडक्टर दारातूनच ओरडायचा, "हत्तरी, हत्तरी!" म्हणजे चढा. आप्पा चढायचे. शिक्षक होते, अक्षर मोत्यासारखं, मनात आणलं असतं तर महिन्याभरात वाचायला शिकले असते. पण ती पाटी न वाचणं हे त्यांच्यासाठी काहीतरी होतं आणि ते काय होतं हे मला कळतं, आजही कळतं. आपली भाषा आपल्याच गावात ऑफिसातून, बोर्डावरून, सातबाऱ्यावरून हळूहळू दिसेनाशी होताना बघणं सोपं नसतं. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग जर्मन कुठून आली? तर एका लाल बटणातून.

आमच्या शॉपमध्ये जर्मनीहून एक वापरलेलं ग्राइंडिंग मशीन आलं, हायड्रॉलिकचे जॉब करायला. मशीन सोन्यासारखं पण अंगावरची सगळी लेबलं जर्मन, मॅन्युअल जर्मन. बटणांवरची चित्रं बघून आणि अंदाजानं आम्ही चालवत होतो. एका संध्याकाळी जॉब सरकला, व्हीलचा आवाज एकदम बदलला, आणि मशीनवर असलेला नवीन पोरगा हात वर करून तसाच उभा राहिला. समोर लाल बटण, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: नोट-आउस. पोरगं इंग्लिश समजून वाचणार, आणि पहिली तीन अक्षरं इंग्लिशमधल्या नकाराची. म्हणजे दाबू नको. तेवढ्यात मागून लेथवरचे अण्णा आले, त्यांनी काही न वाचता तळहातानं बटण हाणलं आणि मशीन थांबलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मी डिक्शनरी उघडून बघितलं तर नोट म्हणजे संकट, आउस म्हणजे बंद. संकटात हेच दाबायचं असं ते बटण ओरडून सांगत होतं आणि आम्ही त्याचा नेमका उलटा अर्थ घेऊन त्याच्यासमोर उभे होतो. झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास लावला, रात्री साडेआठ ते दहा, जेवणाआधी.

पहिल्याच तासाला बाईंनी एक वाक्य पाठ करून घेतलं, वी हाइस्ट डास आउफ डॉइच, याला जर्मनमध्ये काय म्हणतात. हे एक वाक्य हातात असलं की तुम्ही कुठंही उपाशी राहणार नाही, म्हणाल्या. मी पेन, डबा, चष्मा, पंखा एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून विचारत सुटलो. ४६ व्या वर्षी चुका करायला एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं. तो ओठांचा चंबू करून काढायचा 'उ' आणि 'ई'च्या मधला आवाज आरशासमोर उभं राहून काढायचो, पोरं दाराआडून बघून हसायची, बायको म्हणायची, "अहो, भाजी करपली, शिट्टी कसली वाजवताय." पण लाज वाटत नव्हती. जर्मन भाषेशी आमचं काही भांडणच नव्हतं ना. ती चुकली तर कुणाचा पराभव नव्हता, आली तर कुणाचा विजय नव्हता.

आणि ती शिकता शिकता मराठीच मला नव्यानं दिसायला लागली. हातमोज्याला जर्मन माणूस हांटशू म्हणतो, म्हणजे हाताचा बूट. पहिल्यांदा ऐकल्यावर क्लासमधली सगळी हसली, मग मला वाटलं, अरे, आपण तरी काय म्हणतो, हाताचा मोजाच की. मग आकडे. जर्मनमध्ये बावन्न म्हणताना आधी दोन आणि मग पन्नास येतात, क्लासमधली इंग्लिश मीडियमची पोरं ऐकून पंचवीस लिहायची आणि मी मात्र दर वेळी बरोबर, कारण आपलं बावन्नसुद्धा आधी दोनच सांगतं, एकवीस आधी एकच सांगतं. हे आयुष्यात कधी लक्षात आलं नव्हतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असं शिकवायचं ठरल्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, मीही तेव्हा तावातावानं बोललो होतो. आता वाटतं, त्या 'वीस एक'वाल्यांची अडचण काय होती हे मला अण्णांना विचारता आलं असतं.

अण्णा म्हणजे तेच, लाल बटण हाणणारे. बैलहोंगलकडचे, लेथवर ३० वर्षं काढलेले, कपाळाला विभूती, खिशात चुन्याची डबी. त्यांची मराठी आमच्या शॉपमध्ये चेष्टेचा विषय होती. "माझा बायको आला होता." "भाकरी जळला." पोरं त्यांच्याच तोंडावर नक्कल करायची आणि ते हसून घ्यायचे. मीही हसायचो, ते खोटं कशाला सांगू. आणि मापं सांगताना त्यांना बावन्न, पंचावन्न, त्रेपन्न सांगितलं की ते क्षणभर थांबायचे, डोळे मिटायचे, मग विचारायचे, "ऐवत्तेरड?" पन्नास दोन. आम्हाला वाटायचं, एवढी वर्षं झाली तरी ह्यांना आकडे येईनात. ते डोळे मिटून मराठी आकडा उलटा करून घेत होते, दिवसातून शंभर वेळा, आणि त्यांचा एकही जॉब मापात चुकलेला मला आठवत नाही.

मग माझ्यावर पाळी आली. जर्मनमध्ये चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसकलिंगी. डेअर ल्योफल, डी गाबल, डास मेसर. सूर्य बाई, चंद्र पुरुष. का, तर काही नाही, आहे ते आहे. मराठीतही तीन लिंगं आहेत म्हणून मी निवांत होतो पण तीन असणं वेगळं आणि कुणाला कुठलं हे कळणं वेगळं. एका रविवारी पन्नास नामांची यादी घेऊन बसलो, पंचवीस चुकली, वही आपटली. आणि त्या क्षणी कानात आलं ते "भाकरी जळला". कन्नडमध्ये बाई ती बाई, पुरुष तो पुरुष, आणि भाकरी, खुर्ची, मशीन, पाऊस सगळं एका 'अदु'मध्ये. केवढी सरळ वाट. त्या वाटेवरून आलेल्या माणसाला आपण सांगतो की भाकरी बाई आहे, भात पुरुष आहे आणि दूध कुणीच नाही. तो का विचारतो तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. सोमवारी मी अण्णांना सांगितलं की जर्मनमध्ये माझं सगळं तुमच्या भाकरीसारखं झालंय. त्यांनी लेथ बंद केली, हात पुसले, आणि म्हणाले, "सर, मला वाटत होता, मलाच असा होतंय."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

त्याच सुमारास क्लासच्या बाईंनी सहज विचारलं, तुम्ही बेळगावचे म्हणजे किटेल तुमच्या जवळचेच की. मला किटेल माहीत नव्हते. फर्डिनांड किटेल, बासेल मिशनचे जर्मन पाद्री, १८५३ मध्ये इकडे आले, धारवाड-हुबळी भागातही राहिले, आणि पुढं वर्षानुवर्षं खपून त्यांनी कन्नड-इंग्लिश कोश केला, सुमारे ७० हजार शब्दांचा, १८९४ साली मंगळूरला छापलेला. आले धर्म सांगायला आणि शेवटी भाषेतच मुरले. धारवाड आमच्यापासून दीड-दोन तासांवर. जर्मनीत जन्मलेल्या माणसाला ती भाषा आयुष्य देण्याएवढी मोलाची वाटली. आणि त्याच धारवाडात बेंद्रे झाले, ज्यांच्या घरात मराठी होती आणि ज्यांना कन्नड कवितेसाठी १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. हे मात्र लहानपणापासून कानावर होतं, पण ते आमच्याकडे तक्रारीसारखं सांगितलं जायचं, आपला माणूस तिकडे गेला म्हणून.

मी अण्णांना विचारलं, शिकवाल काय? आणि जर्मन क्लासमधलं ते पहिलं वाक्य त्यांच्याकडून कन्नडमध्ये करून घेतलं. इदक्क एनंतार्री? याला काय म्हणतात? चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं, रोज. परीक्षा नाही, पुस्तक नाही, कंपनीच्या रिजेक्ट चलनाच्या पाठीमागं ते अक्षरं काढून द्यायचे. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की जिलब्या म्हणजे आपलीच बाराखडी आहे, क ख ग घ त्याच ओळीत, ळसुद्धा आहे. फक्त त्यांच्याकडे ए आणि ओ प्रत्येकी दोन आहेत, एक ऱ्हस्व एक दीर्घ, तिथं माझा कान अजून फसतो. तीन आठवड्यांत अडखळत का होईना वाचायला लागलो. तीन आठवडे. एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं घालवली होती.

आणि शब्द तर काय, अर्धे घरातलेच निघाले. तूप म्हणजे तुप्प. आजीचा अडकित्ता, त्यात अडके म्हणजे सुपारी बसलेलीच आहे. अण्णा आणि अक्का तर आपण रोज हाका मारतो. पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका बारक्या गोष्टीनं. आमच्या बेळगावच्या मराठीला कोल्हापूर-पुण्याकडे हसतात, "काय करूलालास", "कुठं जाऊलालास", शुद्ध नाही म्हणे. ते 'करू लागलास'च घासून झालेलं. एक दिवस अण्णा फोनवर बोलत होते, "एन माडाकत्ती?" आणि मी विचारलं हे 'कत्ती' काय? ते म्हणाले, "माडाक हत्ती. हत्तु म्हणजे लागणे, चढणे. जसा बसला हत्तरी म्हणतात ना, तोच." मी चहाचा कप तसाच धरून बसलो. ते 'करायला लागलास' म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो, एकाच सांध्यावर दोन्ही भाषांनी शब्द वाकवलाय. कुणी कुणाचं घेतलं ते अभ्यासक सांगतील, मला तर एवढंच दिसलं की ज्या मराठीसाठी आप्पा फीत बांधून चालले, तिच्या चालण्यातच शेजारणीची चाल आहे. आणि तो कंडक्टरचा हत्तरी, जो मी लहानपणी फक्त ओरडणं म्हणून ऐकला होता, तो इतकी वर्षं माझ्याच तोंडात होता.

आईला हे सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. आई ७४ वर्षांची, चौथी शिकलेली. गवळणीशी कन्नड, शेजारच्या खालांशी दखनी, आमच्याशी मराठी, एका श्वासात तीन भाषा. आप्पांच्या डोळ्यांदेखत ती चाळीस वर्षं दारात कन्नड बोलत होती आणि आमच्या घरात कुणीही, आप्पांनीसुद्धा, त्याला 'कन्नड येणं' असं म्हटलं नाही. दुधाचा हिशोब होता तो. माझ्या जर्मनच्या सर्टिफिकेटला मात्र फ्रेम केली. २०१३ मध्ये हैदराबादच्या निम्स या रुग्णालयातल्या सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी करून मांडलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसतो, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही तसंच दिसलं. यावर सगळे संशोधक एकमताचे नाहीत, पण वाचल्यावर मला आईच आठवली. परवा ती गवळणीला ओरडत होती, "नीरु हाकीयेनव्वा?" पाणी घातलंस काय गं, आणि मला पहिल्यांदा अख्खं वाक्य कळलं.

मशीनच्या त्या लाल बटणाशेजारी आता दोन लेबलं आहेत. मराठीतलं मी लिहिलं, संकटात दाबा. कन्नडमधलं अण्णांनी मार्करनं लिहिलं, तुर्तु निलुगडे. तुर्तु म्हणजे तातडीचं. आपलं तूर्त. जर्मन लेबल तसंच ठेवलंय.

तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. गल्लीतल्या एका जुन्या कार्यकर्त्या काकांनी रस्त्यात थांबवून विचारलं, "कन्नड शिकालास म्हणं? आप्पांचा पोरगा ना तू?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही पूर्ण उत्तर नाही. एक नोव्हेंबरला मी गेलो फेरीला, फीत बांधून. मराठी बोर्डासाठी, मराठी शाळेसाठी मला आजही तेवढंच वाटतं, खरं तर जास्त वाटतं कारण भाषा हातातून जाणं म्हणजे नेमकं काय जाणं हे आता कळतंय. पण अण्णांकडे बघून मान फिरवणं यापुढं जमणार नाही. ही दोन्ही एकाच छातीत आहेत आणि रात्री कधी कधी टोचतात.

मागच्या रविवारी खानापूरला जायला सेंट्रल बसस्टँडवर उभा होतो. पावसाची भुरभुर, डिझेलचा वास, भाजलेल्या शेंगा. हिरवी इरकल नेसलेली एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, माझ्याजवळ आली आणि समोरच्या बसकडे बोट करून म्हणाली, "इदु एल्लिगे होक्कैति, तम्मा?" कुठं जाते ही? माझ्या तोंडात गोत्तिल्ल तयारच होता, चाळीस वर्षांची सवय. मी तो गिळला आणि पाटीकडे बघितलं. काचेवर पाणी, अक्षरं ओली. पहिलं ब, त्याच्यावर काहीतरी. बै. मग ल. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. म्हातारी माझा दंड धरून म्हणाली, "लगूना ओदप्पा." लगेच वाच बाबा. जिथं आप्पा फीत बांधायचे तिथंच तिचा हात होता, ओला आणि खरखरीत. हों. ग. ल.

"बैलहोंगल," मी म्हणालो. "हौदा?" "हौद्री. हत्तरी, हत्तरी."

ती चढली. कंडक्टरनं गाठोडं वर ओढून घेतलं. मी शेजारच्या बसची पाटी वाचायला घेतली.